घरचं नॉर्मल

चंद्रपूर शहरात पूर्णपणे नॉर्मल असा माणूस एकच होता, आणि बाकीच्या सगळ्यांची पारख त्याच्यावरून होत असे. हे वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर एखादा संत, न्यायाधीश किंवा निवृत्त मुख्याध्यापक आला असेल तर त्यानं तो बाजूला ठेवावा. हा माणूस म्हणजे गुणवंत निकुरे, वय पन्नाशीच्या अलीकडचं, कमरजहाँ मॅडमच्या पॅथॉलॉजी लॅबमधला सीनियर टेक्निशियन. आणि नॉर्मल तो स्वतः नव्हता, त्याचं रक्त होतं. तेही सगळं नव्हे. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं, ज्याला सीरम म्हणतात, ते बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवलेलं असे आणि झाकणांवर निळ्या मार्करनं 'एन' लिहिलेलं असे. थायरॉइडच्या तपासणीची प्लेट लागली की एक नळी वितळवायची, पेशंटांच्या रांगेत एका खळग्यात हे सीरम टाकायचं, आणि त्याचा आकडा रोजच्यासारखा दोनच्या आसपास आला की मशीन, किट, हात, हवामान सगळं ठीक आहे असं समजून लोकांचे रिपोर्ट सोडायचे. किटसोबत कंपनी स्वतःचं कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेलं सीरम, देते, पण ते चार थेंब असतं; शिवाय नुसत्या कंपनीच्या कंट्रोलवर भिस्त ठेवणं म्हणजे मुलीच्या मामानंच जुळवून आणलेल्या पत्रिकेवर लग्न ठरवणं. म्हणून लॅबमध्ये एक घरचं नॉर्मल लागतं. ते निरोगी असावं, हाताशी असावं, सुई टोचली तरी कुरकुरणारं नसावं आणि संध्याकाळी घरी जायची त्याला घाई नसावी. या सगळ्या अटी गुणवंत पूर्ण करत होता. शेवटची जरा जास्तच.

मे महिन्यातल्या एका दुपारी हे नॉर्मल बिघडलं. जुन्या नळ्या, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात काढलेलं सीरम, संपत आलं होतं. रश्मीनं त्याच आठवड्यात त्याच्या हातातून नवं रक्त काढून नव्या नळ्या भरल्या होत्या आणि आज त्यातली पहिली लावली होती. रश्मी ही लॅबमधली दुसरी टेक्निशियन, हाताची पक्की आणि तोंडाची त्याहून पक्की. ती मशीनसमोरून मानही न वळवता म्हणाली, "सर, तुमी आजारी हाय का जी?"

"काऊन?"

"एन एकोणीस येऊन राह्यला."

"कंपनीचा पाह्यला का?"

"तो बरोबर हाय. पेशंट बी बरोबर हायेत. पुन्हा लावून पाह्यलं, तरी तेच. तुमीच तेवढे वर गेले." मग तिलाच ते वाक्य कसंसं वाटलं. "म्हणजे तुमचा आकडा, सर."

कंपनीच्या कंट्रोलवर रिपोर्ट सोड, असं त्यानं सांगितलं, आणि मग उगाच प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. शहाण्णव खळगे, बहुतेकांत पातळ सरबतासारखा पिवळेपणा, काहींत जवळजवळ पाणीच, आणि त्याच्या खळग्यात, खाली उजव्या कोपऱ्याजवळ, लग्नघरच्या हळदीसारखा गडद पिवळा रंग. तो रंग त्याच्या बापानंही कधी त्याच्यात पाहिला नसेल. ही तपासणी मोजते ते टीएसएच नावाचं हार्मोन मेंदूच्या तळाशी तयार होतं आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लाग म्हणून हाक मारतं. ग्रंथी जागी असली की हळू हाक पुरते; झोपलेली असली की मालक ओरडायला लागतो. एकोणीस म्हणजे आतमध्ये कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, आणि आपल्याला ऐकू आलं नाही. गुणवंतला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याला जे वाटलं ते पाहुणे येणार असल्याची खबर लागल्यासारखं होतं, आणि पाहुण्यांची सवय सुटलेली असल्यामुळे ते ओळखायलाही त्याला संध्याकाळ व्हावी लागली.

त्याच्या तरुणपणी हे रंगाचं प्रकरणच नव्हतं. एन्झाइम नव्हतं, निळं होऊन पिवळं होणं नव्हतं. खुणेसाठी किरणोत्सर्गी आयोडीन होतं. मुंबईत तीन महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन तो नागपूरच्या एका लॅबमध्ये लागला तेव्हा तिथं जड झाकणाचा शिशाचा डबा होता, गॅमा काउंटर होता आणि दारावर पिवळा पंखा काढलेली पाटी होती, जिच्यामुळे चहावाला आत येत नसे. नव्या पोरांना शिकवताना तो एसटीचा दाखला देई. समजा नळीत प्रतिपिंडं आहेत, म्हणजे बसमधल्या सीटा. सीटा मोजक्या. पेशंटच्या रक्तातलं हार्मोन म्हणजे स्टँडवरची गर्दी. आणि आपण ठरावीक संख्येनं सोडलेलं किरणोत्सर्गी हार्मोन म्हणजे लाल दुपट्टा घातलेली आपली माणसं. बस सुटली की आपली किती माणसं बसायला जागा मिळून गेली ते मोजायचं. फार बसली, तर गर्दी नव्हती. कमीच बसली, तर गर्दी होती. गर्दीकडे पाहायचंही नाही. फक्त आपल्या माणसांकडे पाहायचं. हे सांगताना तो खुलत असे. काउंटर एकेका नळीपाशी मिनिटभर थांबे आणि तिच्यातून येणारे ठोके मोजी, आणि गुणवंत स्टुलावर बसून त्या थांबण्याकडे पाहत राही. प्रत्येकापाशी कोणीतरी मिनिटभर थांबतं, ही व्यवस्था त्याला आवडे. ते आयोडीनही समंजस होतं. दोन महिन्यांत निम्मं होई, पुढच्या दोन महिन्यांत निम्म्याचं निम्मं, आरडाओरडा न करता. छातीवर किरणं टिपणारा फिल्मचा बिल्ला लावावा लागे. दर तिमाहीला तो बिल्ला तपासायला मुंबईला जाई आणि उत्तर येई की या माणसापर्यंत काहीही पोहोचलेलं नाही. ते उत्तर नागपूरच्या लॅबमध्ये समाधानाचं मानलं जाई. त्याच काळात त्याचं रीताशी लग्न झालं.

रीता शाळेत शिकवायची. पुढं नागपूरचा काउंटर बंद पडला, एन्झाइमचे किट आले, गुणवंत चंद्रपूरला आला आणि रीताही बदली करून आली. आणि मग चार वर्षांपूर्वी ती अहेरीला गेली. हे साधं वाक्य आहे, पण ज्यांना शिक्षण खातं माहीत आहे त्यांना यात काय घडलं ते कळेल. अहेरीची बदली रद्द करून घेण्यासाठी लोक आमदार शोधतात, खोटे गुडघे शोधतात, म्हातारी आई अंथरुणाला खिळवतात. रीतानं ती अर्ज करून मागून घेतली. ऑफिसातल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला आणि बाई कशात सापडल्या का अशी आडून चौकशी केली. भांडण झालं नव्हतं. भांडणाला दोन माणसं लागतात आणि घरात, तिच्या हिशोबानं, एकच होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरताना एवढंच म्हणाली होती, "तुमच्यासंगं राहणं म्हणजे बंद कूलरसमोर बसणं हाय. हवा नाई, आवाज नाई. नुसता समोर हाय." गुणवंतनं त्यावर विचार केला होता. खूप विचार केला होता. आणि स्टँडवर तिला सांगितलं होतं की उजव्या बाजूच्या सीटवर बस, सकाळचं ऊन डावीकडून येते. ती उजवीकडेच बसली. बस निघेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता आणि त्याच्या मनात निदान चार वाक्यं होती, पण ती ज्या गतीनं तोंडाकडे येत होती तिच्यापेक्षा एसटीची गती जास्त निघाली.

आता त्या संध्याकाळी, घराच्या कुलपात किल्ली घालताना, ते त्याच्या लक्षात आलं. गती. मंद बोलणं. वाक्यं उशिरा येणं. थंडपणा. कोरडी कातडी, जड आवाज, कशातच उमाळा नसणं. थायरॉइड मंद झालेल्या माणसाची लक्षणं त्यानं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर वाचली होती. ती सगळी त्याच्या लग्नाची हकिगत होती. तो स्वभाव नव्हताच. तो आजार होता. आणि आजाराला गोळी असते. दार उघडून तो आत गेला, आरशासमोर उभा राहिला आणि भुवया तपासल्या, कारण या आजारात भुवईचा बाहेरचा भाग झडतो. डावीकडे जरा विरळ वाटली. उजवीकडेही, नीट पाहिलं तर. त्यानं नीट पाहिलं.

एक अडचण होती, आणि ती त्याला माहीत होती. रीता घरात होती त्या काळातही तोच नॉर्मल होता. फ्रीजरमधल्या त्याच्या नळ्या तेव्हाही, त्यानंतरही, गेल्या आठवड्यापर्यंत, निमूटपणे दोन दाखवत आल्या होत्या. हा युक्तिवाद एखाद्या पेशंटनं केला असता तर गुणवंतनं त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण आकडा उशिरा येतो, माणूस आधी बिघडतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हे शास्त्राला धरून नव्हतं. पण शास्त्र दिवसभर त्याच्यासोबत असे. संध्याकाळी त्याला दुसरी संगत हवी होती. त्यानं कूलर बंद केला आणि थंडी वाजते का ते पाहत बसला. चंद्रपूरचा मे महिना. बाहेर भिंतींतून दिवसाची आच निघत होती, पाण्याच्या टाकीचं पाणी चहाला चालेल असं झालं होतं, थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या बाजूचं आभाळ तांबूस राखेचं. त्याच्या पाठीवरून घाम ओघळला. तो ओघळ बनियनपाशी पोचला तेव्हा थोडा गार लागला. गुणवंतनं ते लक्षण धरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओळखीच्या मेडिकलमधून थायरॉक्सिनच्या पन्नासच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं कोणासाठी म्हणून विचारलंही नाही. लॅबचा माणूस आहे, त्याला काय विचारायचं. कमरजहाँ मॅडमना त्यानं सांगितलं नाही, कारण मॅडमनी सांगितलं असतं की आधी टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, लाव, आधी सीरम डायल्यूट, म्हणजे पातळ, करून पाहा, आणि ती दोन्ही कामं दहा पावलांवर, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच हातांनी होण्यासारखी होती. एवढं सोपं काम टाळायला जेवढं बळ लागतं तेवढं त्यानं आयुष्यात दुसऱ्या कशाला लावलं नव्हतं. नव्या नळ्या त्यानं फ्रीजरच्या मागच्या बाजूला सरकवल्या आणि रश्मीला म्हणाला की सध्या कंपनीच्याच कंट्रोलवर चालव. दिवसाला एक गोळी लगेच परिणाम करत नाही, हेही त्याला माहीत होतं. म्हणून अंगात काही होतंय की नाही हे कळायची वाट न बघता त्यानं पहिल्या आठवड्यातच दोन घ्यायला सुरुवात केली.

आणि ते झालं. छातीत ठोके ऐकू यायला लागले, जुन्या काउंटरसारखे, आणि एकट्या माणसाच्या घरात आवाज कसला का असेना, बरा वाटतो. पहाटे जाग यायला लागली. गोलबाजारात कांद्यावाल्याशी तो स्वतःहून बोलला. कांद्यावाल्यानं दचकून दोन कांदे जास्त टाकले. रश्मीला त्यानं एक विनोद सांगितला, गोंडपिपरीच्या तलाठ्याचा, आणि ती हसायचं विसरून त्याच्याकडे पाहत राहिली. गच्चीवर कपडे वाळत घालताना आपण गातोय हे त्याला शेजारच्या गच्चीवरची बाई थांबली तेव्हा कळलं. बोलताना वाक्यं आता वेळेवर येत होती, कधीकधी आधीच. त्या जोरात एका संध्याकाळी त्यानं रीताला फोन लावला. तिच्या नंबराकडे नुसतं पाहण्याची त्याला सवय होती, दाबला पहिल्यांदाच.

"हॅलो, मी बोलतो."

"कोण मी?"

"गुणवंत."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं. मले थायरॉइड निघाला."

कुठंतरी कुकरची शिटी झाली, शिटीनंतर एक कुत्रं भुंकलं; अहेरी अशी त्याला पहिल्यांदाच ऐकू आली. मग तिनं विचारलं, "किती?"

"एकोणीस."

"एकोणीस!" ती म्हणाली. "गोळी चालू केली का? रिकाम्या पोटीच घ्यायची बरं. चहा लगेच नका ढोसू, पाऊण तास जाऊ द्या. अन् गोळी उन्हाच्या खिडकीत नका ठेवू."

"हो."

"मंग ते... तुमचं ते..." ती शब्द शोधत होती. आयुष्यभर शब्द त्यानं शोधले होते, ती नव्हे. "ते त्याच्यानंच होते का जी?"

"त्याच्यानंच," गुणवंत म्हणाला.

"मी तुमाले काय काय बोलली," रीता म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "माणूस आतून बिमार, अन् मी... थांबा. मी इतवारी येते. या नाई, पुढच्या. तवर गोळी नका चुकवू."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ बसलेल्या जागी बसून राहिला. चार वर्षांत त्याला कोणी काही चुकवू नको असं म्हटलं नव्हतं. त्यानं उठून घर झाडायला घेतलं. कपाटाच्या वरच्या फळीवर तिच्या केसांचा एक चाप सापडला, तो त्यानं पुसून परत तिथेच ठेवला.

भानगड रश्मीनं केली, चांगल्या हेतूनं. सरांचं वजन उतरतंय, हात थरथरतात, मोठमोठ्यानं बोलतात, असं तिनं मॅडमना सांगितलं. कमरजहाँ मॅडम, सर्वांत आधी विचारायच्या त्या गोष्टी सर्वांत शेवटी विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, गोळ्यांचं सगळं काढून घेतलं, स्वतः नाडी धरली आणि रश्मीला रक्त काढायला लावलं. आकडा आला वीस.

"गुणवंतभाऊ, तीन हफ्ते से गोळी खा रहे, वो भी डबल, और टीएसएच ढिम्म? उतरायला नको? नाडी तो एकशे दहा पे भाग रही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "डायल्यूट केलं?"

गुणवंतनं फ्रीजरकडे पाहिलं.

"नाही केलं. चंद्रपूरच्या अर्ध्या टेक्निशियन लोकांना डायल्यूशन तुम्ही शिकवलं. स्वतःचंच नाही केलं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "डर गये थे क्या?"

"हो," गुणवंत म्हणाला. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

त्यानं ते स्वतःच्या हातानं केलं. रश्मी मदतीला येत होती, तिला बाजूला केलं. खरं हार्मोन असलं की त्याचा हिशोब सरळ असतो. सीरममध्ये तेवढंच पातळ करायचं द्रावण घातलं की आकडा निम्मा व्हायला हवा, पुन्हा घातलं की त्याचा निम्मा. पिपेटचं टोक राहून राहून खळग्याच्या काठाला लागत होतं. मग एक तास प्लेट उबेला, मग धुणं, मग निळा रंग, मग आम्ल टाकल्याबरोबर पिवळा. तो प्लेटवर वाकून उभा राहिला. निम्मं केलेल्या खळग्यात रंग तसाच होता. पाव केलेल्यातही जवळजवळ तसाच. मशीननं वीसच्या जागी अठरा छापलं, मग सतरा. खरं असतं ते पाणी घातलं की पातळ होतं. हे पातळ व्हायला तयार नव्हतं. ज्या गोष्टीला कितीही पाणी घातलं तरी ती तेवढीच राहते, ती गोष्ट तिथं नसते. हे तो दरवर्षी नव्या पोरांना सांगत असे आणि पोरं ते लिहून घेत.

"सांप-वांप काटा था क्या?" मॅडमनी विचारलं. "एखादं घोड्याच्या सीरमचं इंजेक्शन?"

गेल्या श्रावणात चावला होता. सिंदेवाहीला, भावाच्या धानाच्या बांधीत, रोवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, घोणस होती. भावानं त्याला मोटारसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात पोचवलं आणि लगेच परतला, कारण रोवणीच्या बाया बांधावर बसून होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. विषावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून काढतात. त्या बाटल्या एकामागून एक त्याच्या हातात उतरल्या. नर्सनं विचारलं होतं, "सोबत कोण हाय?" त्यानं म्हटलं, "आहेत, बाहेर." बाहेर एक शेळी होती. सही त्यानं स्वतःच केली, पाय सुजून खांबासारखा झाला, मग उतरला, मग तो बसनं चंद्रपूरला आला आणि लॅबमध्ये पाय मुरगळला म्हणून सांगितलं. त्या घोड्यांच्या विरोधात मग त्याच्या रक्तानं हळूहळू स्वतःची प्रतिपिंडं तयार केली आणि ती साठवून ठेवली. जनावरांच्या प्रतिपिंडाला दिसेल तिथं पकडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि किटमध्ये जनावरांचीच प्रतिपिंडं असतात.

मॅडम हसू दाबत रश्मीला समजावत होत्या. "देख. किटमध्ये दोन पार्टी असतात. एक खाली चिपकून बसलेली, दुसरी रंगवाली. बीच में हार्मोन आला की दोघी त्याला दोन हातांना धरतात, तेव्हाच रंग. समझ, हार्मोन म्हणजे दूल्हा. इथं भाऊंच्या रक्तातल्या या पहिलवानानं दोघींचे हात एकमेकींत दिले. दूल्हा नाहीच."

"म्हणजे घोडा हाय, वरात हाय, नवरदेव नाई," रश्मी म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली.

नमुना नागपूरला दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर पाठवला. शनिवारी मोबाइलवर रिपोर्ट आला. दोन पॉइंट दोन. गोळ्या घेऊनही जवळपास तेवढाच, म्हणजे ग्रंथी ठणठणीत असून त्या गोळ्यांनाही पुरून उरली असावी, किंवा त्या मेडिकलच्या गोळ्यांत फारसं काही नसावं, असं मॅडम म्हणाल्या. नक्की त्यांनाही सांगता येईना. गोळी त्यांनी बंद करायला लावली. "और वो गाना-वाना, गोळी का होगा तो उतर जायेगा," त्या धीर देत म्हणाल्या.

शनिवारची संध्याकाळ त्यानं खुर्चीत काढली. रीताला न सांगणं शक्य होतं. एकोणीसचा कागद हातात होता, खरा, लॅबच्या शिक्क्याचा. गोळ्यांचं पाकीट होतं. ती महिन्यातून एकदा यायला लागली असती. पथ्य विचारलं असतं. तो हळूहळू बरा होत गेला असता, आणि आजारातून उठणाऱ्या माणसाला थोडं थोडं बोललं तरी कौतुक मिळतं. त्याला फक्त बरं होत राहायचं होतं. त्यानं ते सगळं नीट, टप्प्याटप्प्यानं पाहिलं, आणि मग त्याला दिसलं की त्यात बरं व्हायची जबाबदारीही त्याच्यावरच पडते. गोळीनं जे केलं नाही ते त्याला रोज उठून स्वतःच करावं लागणार होतं, गोळीच्या नावावर. कूलर चालू होता. तरी घाम येत होता.

रीता रविवारी दुपारच्या आत आली. केस जरा पिकले होते, चष्मा नवा होता. पिशवीतून तिनं चारोळीचा पुडा काढला, भाजलेल्या जवसाची चटणी काढली, डब्यात घरून करून आणलेला मुगाचा वरण-भात होता, पथ्याचा. चपला काढल्या काढल्या ती म्हणाली, "या इकडे, उजेडात," आणि त्याला खिडकीपाशी उभं करून दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली, घाटीच्या खाली, अगदी नेमक्या जागी.

"गिळा."

त्यानं आवंढा गिळला. तिची बोटं घाटीबरोबर वर गेली, खाली आली. बोटांना प्रवासाचा आणि लिंबाच्या साबणाचा वास होता.

"पुन्हा गिळा."

त्यानं पुन्हा गिळलं. आणखी दहा वेळा त्यानं गिळलं असतं.

"सूज तं नाई लागून राह्यली," ती म्हणाली.

"नाई लागणार," गुणवंत म्हणाला. "रिपोर्ट चुकीचा होता. मले काही नाई."

बोटं होती तिथंच राहिली. "काहीच नाई?"

"घोड्यानं झालं. साप चावला होता, त्याच्या इंजेक्शनातला घोडा. नागपूरचा रिपोर्ट आला काल. दोन."

"साप कधी चावला?"

"श्रावणात."

तिनं बोटं काढली. आधी तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं, कोणता पाय ते कळेना, म्हणून दोन्हींकडे. मग ती पलंगावर बसली आणि हसायला लागली. पहिल्यांदा नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग पदर बाजूला करून. तो उभा राहून पाहत होता. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि ते पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

"म्हणजे तुमी असेच हाय," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"बिमार नाई, काही नाई. असेच."

"हो," तो म्हणाला. मग त्याला वाटलं की आता पुढचं वाक्य आपलं आहे, आणि गोळी बंद होती, तरी ते आलं. "तुले बसमध्ये बसवलं न, तेव्हा मले दुसरं बोलायचं होतं."

"काय?"

"आता नाई आठवत. पण उन्हाचं नव्हतं."

रीतानं डबा उघडला, दोन ताटल्या घेतल्या. जेवताना ती शाळेचं सांगत राहिली, पोरं तेलुगू, गोंडी आणि मराठीत एकदम भांडतात ते, आणि तो ऐकत राहिला. आज त्यानं मधे तीनदा "मंग?" म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं मान वर करून पाहिलं. जेवण झाल्यावर तिनं घड्याळ पाहिलं. परतीची बस होती.

"तुले एवढं कसं माहीत?" त्यानं विचारलं. "रिकाम्या पोटी, पाऊण तास, गळ्याची जागा. लोकाले नाई माहीत राहत."

"मले हाय न थायरॉइड. गोळी खाते मी."

"कधीपासून?"

"इथी होती तवापासून. चंद्रपूरले आल्यावर दुसऱ्या वर्षी निघाला."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं. तुमी बरं म्हणलं," रीता म्हणाली, रागानं नाही, डब्याचं झाकण लावत.

"कितीची गोळी?"

"पंचाहत्तर. तपासणी तुमच्याच लॅबमध्ये होते. अहेरीहून बर्फाचा डबा येते न, त्यात."

तो डबा गुणवंतच उघडत असे. नळीवर नाव नसतं, नंबर असतो.